१८ किलो तेल, ८० किलो डीओसी: सप्टेंबर २०२४ ची खाद्यतेल शुल्कवाढ, इंदूरच्या मंडीतून पाहताना

१४ सप्टेंबर २०२४ पासून कच्च्या पाम, सोया आणि सूर्यफूल तेलावरचे मूळ सीमाशुल्क शून्यावरून २० टक्के झाले, तर रिफाइंड तेलावरचे साडेबारावरून साडेबत्तीस टक्के. कृषी पायाभूत उपकर आणि समाजकल्याण अधिभार मिळवला की कच्च्या तेलावरचा एकूण बोजा ५.५ वरून २७.५ टक्क्यांवर आणि रिफाइंडवरचा १३.७५ वरून ३५.७५ टक्क्यांवर गेला. साडेआठ महिन्यांनी, ३० मे २०२५ ला, कच्च्या तेलावरचे मूळ शुल्क निम्मे करून १० टक्क्यांवर आणले आणि एकूण बोजा १६.५ टक्के राहिला. रिफाइंडच्या दराला हात लावला नाही.

या दोन तारखांच्या मध्ये इंडोनेशिया, मलेशिया किंवा अर्जेंटिनाशी आपले काही बिनसले नव्हते, कुठला करार मोडला नव्हता. तेल परदेशचे असले तरी शुल्क वाढवण्याचे कारण माळवा, मराठवाडा आणि विदर्भातल्या सोयाबीनच्या भावात होते आणि उतरवण्याचे कारण किरकोळ महागाईच्या आकड्यात. ज्या शेतकऱ्याचे नाव घेऊन हे झाले त्याच्या पदरात सगळ्यांत कमी पडले. हे का झाले, ते इंदूरच्या छावणी किंवा लक्ष्मीबाईनगरच्या मंडीत उभे राहून हिशेब मांडला की कळते.

मागणी इथली, मुहूर्त दुसरीकडचा

ऑगस्ट २०२४ मध्ये मध्य प्रदेशच्या अनेक मंड्यांत सोयाबीन ४,००० रुपये क्विंटलच्या खाली गेले. त्या हंगामाचा हमीभाव होता ४,८९२. नवे पीक अजून शेतातच होते आणि जुन्या मालाचे हे हाल. सप्टेंबरच्या सुरुवातीला माळव्यात ट्रॅक्टर मोर्चे निघाले, मागणी ६,००० रुपयांची. १० सप्टेंबरच्या सुमारास राज्य सरकारने हमीभावाने खरेदीचा प्रस्ताव केंद्राकडे पाठवला आणि तो लगेच मंजूर झाला. केंद्रीय कृषिमंत्री शिवराजसिंह चौहान विदिशाचे खासदार. सोयाबीनचा भाव पडला की काय होते, हे त्यांना सांगावे लागत नव्हते. मंदसौरला ६ जून २०१७ ला आंदोलक शेतकऱ्यांवर गोळीबार झाला तेव्हा राज्याचे मुख्यमंत्री तेच होते. त्या वर्षी ऑगस्ट आणि नोव्हेंबर अशी दोनदा खाद्यतेलावरची शुल्कवाढ झाली आणि ऑक्टोबरमध्ये हमीभाव आणि बाजारभावातला फरक खात्यात टाकणारी भावांतर योजना आली. २०२४ चा साचा तेव्हाच पडला होता.

पण शुल्कवाढीची तारीख मध्य प्रदेशाने ठरवली असे आम्हाला वाटत नाही. जून २०२४ च्या लोकसभेत मध्य प्रदेशच्या २९ पैकी २९ जागा भाजपकडे आल्या होत्या आणि विधानसभा निवडणूक चार वर्षे दूर होती. महाराष्ट्रात मात्र सत्ताधारी आघाडीला ४८ पैकी १७ जागाच मिळाल्या होत्या आणि विधानसभा तोंडावर होती. १३ आणि १४ सप्टेंबरचे निर्णय एकत्र ठेवून बघा. खाद्यतेलावर शुल्क वाढले. कांद्याची ५५० डॉलर किमान निर्यात किंमत गेली आणि निर्यातशुल्क ४० वरून २० टक्के झाले. बासमतीची ९५० डॉलरची किमान निर्यात किंमतही गेली. सोयाबीन मराठवाडा-विदर्भाचे, कांदा नाशिकचा, बासमती हरियाणाची. हरियाणात ५ ऑक्टोबरला मतदान होते. महाराष्ट्राचा कार्यक्रम १५ ऑक्टोबरला जाहीर झाला आणि मतदान २० नोव्हेंबरला झाले. महाराष्ट्रात आचारसंहिता लागली की तिथल्या मतदारासाठीचे असे निर्णय अडकतात, म्हणून ते त्याआधी होणे गरजेचे होते. माळव्याच्या शेतकऱ्याला जो काही दिलासा मिळाला तो महाराष्ट्राच्या निवडणुकीच्या अंगाने मिळाला.

शुल्कच का?

शेतकऱ्याचा भाव सावरायला सरकारकडे तीन-चार वाटा असतात: स्वतः खरेदी करणे, फरक खात्यात टाकणे, निर्यातीला अनुदान देणे, आयात महाग करणे. पहिल्या तिन्हींत पैसा जातो, शेवटच्या वाटेने तो येतो. ढोबळ हिशेब असा. देशाची खाद्यतेल आयात वर्षाला सुमारे १६० लाख टन. टनाला १,००० डॉलर मूल्य आणि डॉलरला ८४ रुपये धरले, तर किलोमागे ८४ रुपये. त्यावर ५.५ टक्के म्हणजे ४ रुपये ६२ पैसे, २७.५ टक्के म्हणजे २३ रुपये १० पैसे. फरक साडेअठरा रुपये किलो. याच दराने वर्षभर आयात झाली तर तिजोरीत २५ ते ३० हजार कोटींची भर पडते. उलट हमीभावाने २० लाख टन सोयाबीन घ्यायचे तर आधी जवळपास ९,८०० कोटी रुपये ओतावे लागतात, वर बारदाना, गोदाम आणि पुढे तोट्यात विक्री.

दुसरे कारण कायद्यात आहे. सीमाशुल्क कायदा १९६२ च्या कलम २५ खाली सरकार अधिसूचना काढून शुल्कात सूट देऊ किंवा काढून घेऊ शकते. संसदेत चर्चा लागत नाही, राज्यांना विचारावे लागत नाही, अंमल त्याच मध्यरात्रीपासून. माल बंदरावर उतरून बॉन्डेड, म्हणजे शुल्क भरेपर्यंत माल ठेवायच्या गोदामात पडलेला असला तरी ज्या दिवशी तो सोडवायचे कागद दाखल होतात त्या दिवसाचा दर लागतो. त्यामुळे कांडला-मुंद्र्याच्या टाक्यांत पडलेले तेलही एका रात्रीत महाग होते. जागतिक व्यापार संघटनेत भारताने सोया तेलासाठी ४५ टक्के आणि पामसाठी ३०० टक्के अशी मर्यादा मान्य केली आहे, म्हणजे वर सरकायला भरपूर जागा. २०१८ मध्ये कच्चे पाम ४४ आणि रिफाइंड पाम ५४ टक्क्यांवर नेले तेव्हा सोया मागे ठेवावे लागले, ते या ४५ च्या छतामुळे.

स्वस्त, झटपट आणि तितकेच झटपट मागे घेता येणारे. राजकीय दृष्टीने याहून सोयीचे हत्यार नाही. खोट आहे ती नेमात.

१८ आणि ८०

एक क्विंटल सोयाबीन प्लांटमध्ये गेले की साधारण १८ किलो तेल निघते, ८० किलोच्या आसपास डीओसी, म्हणजे तेल काढलेली पेंड, आणि दोनेक किलोची घट. देवास, पीथमपूर, मांगलियाच्या प्लांटवाल्यांचा रोजचा भाव या दोन आकड्यांवर चालतो: तेलाचे पैसे अधिक डीओसीचे पैसे, वजा गाळपखर्च, भाडे आणि मार्जिन. जे उरते तो मंडीतला भाव.

आयातशुल्क फक्त १८ किलोला लागू पडते. वरच्या हिशेबाने किलोला साडेअठरा रुपये वाढ पूर्णच्या पूर्ण खाली पोचली असे धरले, तरी १८ किलोवर ३३३ रुपये होतात. आता उरलेली ८० किलो डीओसी किलोला चार रुपयांनी उतरली तर ३२० रुपये गेले. म्हणजे शुल्काने दिलेले जवळपास सगळे पेंडेने परत घेतले. २०२४-२५ च्या हंगामात नेमके हेच झाले. मंडीचा भाव सप्टेंबरमध्ये थोडा उचलला आणि आवक वाढताच हमीभावाच्या बराच खाली येऊन बसला.

डीओसी का पडली? एक कारण बाहेरचे. ब्राझील, अर्जेंटिना, अमेरिकेत भरघोस पीक होते आणि ऑगस्ट २०२४ मध्ये शिकागोचे सोयाबीन २०२० नंतरच्या नीचांकावर, १० डॉलर बुशेलच्या खाली गेले. आपली डीओसी जनुकीय बदल नसलेली म्हणून थोडा चढा भाव मिळवते, पण परदेशी पेंड फार स्वस्त झाली की तोही ग्राहक हातचा जातो. शुल्काची भिंत आयात तेलाला अडवते; निर्यातीच्या पेंडेला ती काडीची मदत करत नाही.

दुसरे कारण घरचे आहे आणि त्याची चर्चा फार कमी झाली. ७ डिसेंबर २०२३ ला केंद्राने साखरेचा भाव काबूत ठेवण्यासाठी उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर बंदी घातली. आठवड्याभरात ती सैल करून १७ लाख टन साखरेची मर्यादा घातली. इथेनॉल मिश्रणाचे उद्दिष्ट मात्र तसेच राहिले, म्हणून डिस्टिलऱ्या मका आणि तांदळाकडे वळल्या. धान्याच्या इथेनॉलमधून जो चोथा उरतो तो डीडीजीएस. प्रथिने भरपूर आणि भाव डीओसीच्या निम्म्याच्या आसपास. पोल्ट्री आणि पशुखाद्यवाल्यांनी खाद्यात डीओसी कमी करून तो घालायला सुरुवात केली. साखरेच्या ग्राहकासाठी घेतलेला निर्णय असा फिरत फिरत सोयाबीनच्या शेतकऱ्यावर येऊन पडला. अन्न मंत्रालयाने एक खिडकी बंद केली, पेट्रोलियम खात्याने दुसरी उघडली, आणि अर्थ मंत्रालय ज्या शुल्काने भाव सावरायला निघाले त्या शुल्काचा या पेंडेशी संबंधच नव्हता.

पोल्ट्रीचा आवाज आधीही ऐकला गेला होता

२०२१ आठवून पाहण्याजोगे आहे. त्या वर्षी ऑगस्टमध्ये सोयाबीन काही मंड्यांत १०,००० रुपयांच्या पुढे गेले. पोल्ट्री उद्योग अडचणीत आला आणि सरकारने १२ लाख टन जनुकीय बदल केलेल्या सोयाबीनच्या पेंडेच्या आयातीला परवानगी दिली, तीही नवे पीक मंडीत यायच्या दीड महिना आधी. ज्या बियाण्याची पेरणी देशात बेकायदा, त्याची पेंड चालली. ऑक्टोबरमध्ये दिवाळीपूर्वी कच्च्या तेलावरचे मूळ शुल्क शून्य झाले. डिसेंबरमध्ये सोयापेंडेवर साठामर्यादा आली आणि २० डिसेंबर २०२१ ला बाजार नियामक सेबीने सोयाबीन, सोया तेल, कच्चे पाम यांच्यासह सात शेतमालांचे वायदे थांबवले. ते स्थगन वाढत वाढत २०२४ ओलांडून गेले. परिणामी शुल्कवाढीच्या दिवशी इंदूरमध्ये कुणाकडेही पुढच्या महिन्याचा भाव नव्हता. व्यापारी शिकागो आणि क्वालालंपूर बघून अंदाज बांधत होते.

भाव चढला तेव्हा चार उपाय चार महिन्यांत आले आणि चारही लागू पडले. भाव पडला तेव्हा सरकारी खरेदी सोडली तर एकच आला, तोही १८ टक्क्यांना लागू पडणारा. यात शेतकऱ्याविषयी दुष्टावा नाही. ग्राहकाचा त्रास दर महिन्याच्या १२ तारखेला आकड्यात छापून येतो आणि शेतकऱ्याचा त्रास हंगामात एकदा, रस्त्यावर. राज्यकर्ते दोन्हींना उत्तर देतात, पण आकडा वर्षातून बारा वेळा येतो.

अंमलबजावणीत काय बिघडले

पहिला घोळ साठ्याचा. शुल्क वाढले त्या वेळी जुन्या दराने आलेले सुमारे ३० लाख टन तेल देशात होते, ४५ ते ५० दिवस पुरेल इतके. १७ सप्टेंबरला अन्न सचिवांनी तेलसंघटनांना बोलावून, हा साठा संपेपर्यंत छापील किंमत वाढवू नका, असे सांगितले. सांगणे हा आदेश नसतो. व्यापारी साठ्यातले तेल विकताना ते पुन्हा भरायला किती लागतील ते पाहतो, कितीला आणले ते पाहत नाही. सगळा साठा नव्या भावाने विकला गेला असे धरले, तर साडेअठरा रुपये किलोने तो फरक साडेपाच हजार कोटींच्या घरात जातो. ज्याच्याकडे १४ तारखेला भरलेली टाकी होती त्याला तो मिळण्याची वाट खुली होती. सियागंजच्या ठोक बाजारात डब्याचा भाव आठवड्याच्या आत चढला, आणि समोर नवरात्र, दिवाळी. इंदूरच्या शेव-नमकीनवाल्यांचा वर्षातला सर्वांत मोठा हंगाम आणि घरोघरी चकली-शेवेचा घाणा याच दिवसांत असतो. शुल्कवाढ सुगीआधी हवी आणि सुगी सणांना चिकटून येते, हा पेच दरवर्षीचाच आहे.

दुसरा घोळ खरेदीच्या तारखांचा. मध्य प्रदेशात हमीभावाची खरेदी २५ ऑक्टोबरपासून सुरू झाली. माळव्यात जेएस ९५-६० सारखे लवकर येणारे वाण सप्टेंबरच्या मध्यापासूनच कापणीला येते, कारण त्या शेतात पुढे बटाटा, लसूण किंवा गहू लावायचा असतो. बियाणे, खत, डिझेलचे पैसे त्याच सोयाबीनमधून उभे राहतात. असा शेतकरी २५ ऑक्टोबरपर्यंत थांबूच शकत नाही. जो थांबला त्याच्यापुढे ओलाव्याची अट होती: १२ टक्क्यांपेक्षा जास्त नको. परतीच्या पावसाने भिजलेला माल केंद्रावरून परत आला. ही मर्यादा १५ टक्के करण्याचे परिपत्रक १५ नोव्हेंबरला निघाले, महाराष्ट्राच्या मतदानाच्या पाच दिवस आधी. तोवर बहुतेक ओला माल व्यापाऱ्याच्या गोदामात पोचला होता. देशभरात फेब्रुवारीपर्यंत जवळपास २० लाख टन खरेदी झाली. आकडा लहान नाही, आणि ज्यांना ४,८९२ मिळाले त्यांना खरा आधार मिळाला. पण तोच सरकारी साठा पुढच्या वर्षी विक्रीला काढायचा असतो, आणि तो निघणार या धास्तीनेच बाजार दबून राहतो.

तिसरा घोळ नेपाळचा. दक्षिण आशियाई मुक्त व्यापार करारामुळे नेपाळमधून येणाऱ्या तेलावर आपल्याकडे शुल्क नाही. नेपाळात ना पाम पिकते ना नाव घेण्याइतके सोयाबीन. तरी शुल्क वाढताच तिथून रिफाइंड सोया आणि पाम तेलाची आवक जोरात वाढली: अर्जेंटिनाचे कच्चे तेल कोलकात्यामार्गे नेपाळला, तिथे रिफाइन होऊन सीमेवरून परत बिहार-उत्तर प्रदेशात. भिंत २७.५ टक्क्यांची झाली की वळसा घालणे परवडते, ५.५ ला परवडत नव्हते. उगमस्थानाचे नियम कडक करणे शक्य आहे, पण नेपाळशी असलेले नाते तेलाच्या डब्याहून मोठे, म्हणून तिथे हात आखडला जातो.

चौथी गोष्ट कुणाच्या हातची नव्हती. इंडोनेशियाने २०२५ च्या सुरुवातीपासून डिझेलमध्ये ४० टक्के पामजन्य इंधन मिसळण्याचे धोरण आणले. त्याच्या चाहुलीनेच पाम महागले आणि नेहमी स्वस्त असणारे पाम सोयाच्या वर गेले. म्हणजे भारतीय ग्राहकाला शुल्क आणि जागतिक भाव दोन्ही एकदम बसले. जकार्ताचेही गणित घरगुतीच असते: एप्रिल २०२२ मध्ये त्यांनी आपल्या गृहिणींसाठी पामची निर्यातच तीन-साडेतीन आठवडे बंद केली होती.

मे २०२५: हात मागे

ऑक्टोबर २०२४ मध्ये किरकोळ महागाई ६.२१ टक्के आणि अन्नमहागाई १०.८७ टक्के होती. मे २०२५ पर्यंत एकूण महागाई तीन टक्क्यांच्या खाली आली, भाजी-डाळ स्वस्त झाली, पण तेल-तुपाचा गट १७ टक्क्यांच्या वर चढलेला. सगळ्या आकड्यांत हाच एक उठून दिसत होता. तोवर महाराष्ट्राची निवडणूक होऊन गेली होती आणि शेतकऱ्यांकडचे सोयाबीन विकून झाले होते.

निर्णयाला आणखी एक बाजू होती आणि ती रास्त होती. इंडोनेशिया-मलेशिया कच्च्या तेलावर जास्त आणि रिफाइंडवर कमी निर्यातकर लावतात, जेणेकरून त्यांचे रिफायनर चालावेत. आपल्याकडे कच्चे आणि रिफाइंड यांच्या शुल्कात फक्त ८.२५ टक्क्यांचे अंतर होते, त्यात आपली रिफायनरी टिकत नव्हती आणि रिफाइंड पामोलिन सरळ येत होते. ३० मेनंतर अंतर १९.२५ टक्के झाले. किनाऱ्यावरच्या रिफायनरांना हे हवेच होते.

इथे इंदूर आणि किनारा यांचे हित वेगळे पडते. किनाऱ्यावरचा रिफायनर आयात कच्चे तेल साफ करतो. कच्चे स्वस्त, रिफाइंड महाग हे त्याला सोयीचे. माळव्यातला गाळपवाला देशी सोयाबीन फोडतो; त्याला कच्चेही महाग हवे. इंदूरची सोयाबीन प्रोसेसर्स असोसिएशन (‘सोपा’) शुल्क वाढवण्यासाठी पत्रे लिहीत राहिली. अंतर कच्चे उतरवून वाढवायचे की रिफाइंड चढवून, हा खरा प्रश्न होता. सरकारने पहिला मार्ग घेतला, कारण दुसऱ्याने महागाईचा आकडा आणखी फुगला असता. खरिपाच्या पेरणीला दोन-तीन आठवडे उरले असताना शेतकऱ्याला मिळालेला हा इशारा होता आणि त्याने तो वाचला. २०२५ च्या खरिपात सोयाबीनचे क्षेत्र घटले आणि मक्याचे वाढले, तोच मका ज्याच्या चोथ्याने डीओसी पाडली होती.

पुढच्या हंगामाचे बिल

२०२५-२६ चा हमीभाव ५,३२८ झाला आणि मंडी ४,००० च्या आसपासच राहिली. मध्य प्रदेशाने या वेळी खरेदीऐवजी भावांतर पुन्हा काढले, २४ ऑक्टोबर २०२५ ते १५ जानेवारी २०२६ च्या विक्रीसाठी. ७ नोव्हेंबरला पहिला मॉडेल भाव, म्हणजे मंड्यांतल्या विक्रीची सरासरी, निघाला ४,०२० रुपये, म्हणजे फरक १,३०८. ज्या शेतकऱ्याने ४,०२० च्या खाली विकले त्यालाही १,३०८ च मिळणार होते. मालाची प्रत हलकी, तोटा त्याचा. तरी ही रक्कम ३३३ रुपयांच्या कमाल शुल्कलाभाच्या जवळपास चौपट होती आणि ती पूर्ण १०० किलोवर मिळत होती. फक्त ती तिजोरीतून जात होती.

अशी पुढची अधिसूचना निघेल तेव्हा मूळ शुल्काचा आकडा वाचून थांबू नये. आधी उपकर आणि अधिभार मिळवून कच्चे व रिफाइंड यांचे एकूण बोजे काढावेत आणि दोन्हींतले अंतर पाहावे. ते दहाच्या खाली असेल तर फायदा परदेशी रिफायनरचा. मग वाढ गुणिले १८ आणि त्याच आठवड्यातली डीओसीची घसरण गुणिले ८० असा साधा हिशेब करावा. दुसरा आकडा मोठा असेल तर मंडीत काही हलणार नाही. तारीख कापणीच्या आधीची आहे की नंतरची ते पाहावे: १५ सप्टेंबरनंतर आलेली वाढ लवकरच्या वाणाला मिळत नाही. आणि त्या दिवशी देशात किती तेल पडून आहे तो आकडा सॉल्व्हंट एक्स्ट्रॅक्टर्स असोसिएशन दर महिन्याला देते, तो जोडून घ्यावा. ३० लाख टन असेल, तर पहिल्या दीड महिन्यातला फरक कुणाच्या खिशात जाऊ शकतो ते त्यावरूनच कळते.